मायन्याखालचा मजकूर

वखारीच्या गं अंगणी, भात दिसतो पांढरा
लेक गेली गं आणाया, तिचा रिकामा कोपरा

नंदाची आते काजू सोलताना ही ओवी म्हणायची. भाजलेल्या बियांचा काळा चीक बोटांना डसू नये म्हणून तळहातांना राख चोळायची, थापटीनं बी फोडायची, आणि त्या ठक्‌ठक्‌च्या ठेक्यावर आवाज सोडायची. आवाज गोड नव्हता तिचा. ओल्या दोरासारखा जड होता; विहिरीत सरसरत उतरायचा आणि तळ लागला की थांबायचा. ओवीसुद्धा तिची नव्हती. काजूच्या कारखान्यात शेजारी बसणाऱ्या गाबतिणींच्या, मासेमारांच्या बायकांच्या, तोंडून तिनं ती उचललेली.

"दुसरां काय तरी म्हण," नंदाचे वडील आतल्या खोलीतून म्हणायचे. एरवी आतेच्या गाण्यात ते कधी पडत नसत. ही ओवी आली की मात्र हमखास.

"गाण्यान काय घर पडता, भाऊ?"

"ह्या घरात तां गाणां नको. सांगलंय मां एकदा."

मग गाणं थांबायचं. थापटी तेवढी चालू. आठ-नऊ वर्षांची नंदा उंबऱ्यावर बसून ऐकायची आणि तिला वाटायचं, भाऊंना गाण्याचा कान नाही.

त्याला साठ वर्षं झाली. आते गेली, भाऊ गेले, आणि नंदा वेंगुर्ल्याची लाटांची गाज सोडून हडसन नदीच्या काठी वेसेलकिल नावाच्या गावी म्हातारी झाली. 'किल' म्हणजे डच भाषेत ओढा. वेसेलचा ओढा. ज्याच्या नावानं तो वाहतो, तो गेरिट व्हान वेसेल सार्वजनिक वाचनालयाच्या हिरवळीवर ब्राँझचा होऊन उभा आहे. रुंद काठाची टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एक हात पुढे केलेला, तळवा वर. काही देतोय की मागतोय ते कळत नाही, पण गावात शाळेपासून सांगतात की देतोय. एका भयंकर हिवाळ्यात त्यानं आपलं कोठार उघडलं आणि गाव जगवलं. पहिली गिरणी त्याची, पहिली शाळा त्याची. दर सप्टेंबरात 'व्हान वेसेल डे' असतो. पोरं लाकडी बूट घालून खटाखटा पळतात, चर्चच्या बायका साखरेत घोळवलेले तळलेले गोळे विकतात.

त्याच गावात आणखी एक गेरिट राहतो. त्यानं मूळ रहिवाशांची मक्याची शेतं कापणीच्या आठवड्यात पेटवली. त्याच्या स्वयंपाकघराखालच्या तळघरात अकरा गुलाम झोपायचे, आणि वर कोठार उघडलेलं असताना खाली किती जण जगले ते कुठल्या पुस्तकात नाही. हा दुसरा गेरिट इतकी वर्षं कुजबुजीत राहायचा. अलीकडे तो उघड्यावर आला. सहाशे जणांनी अर्ज केला, पुतळा काढा. आठशे जणांनी उलटा अर्ज केला, हात लावाल तर बघा. नगर मंडळानं मंगळवारी दुपारी चार वाजता सुनावणी ठेवली.

आणि या सगळ्यात नंदा परुळेकर, निवृत्त ग्रंथपाल, वय एकोणसत्तर, हिचं काय काम? तर पुतळ्याच्या चौथऱ्यावर पितळी पाटी आहे, आणि पाटीवरचे इंग्रजी शब्द नंदाचे आहेत.

'गरिबांचे मायबाप, रयतेचे पोशिंदे, ज्यांच्या छायेत आम्ही सर्व सुखी. — वेंगुर्ला येथील देशी प्रजेच्या पत्रातून.'

अमेरिकेत येण्याआधी व्हान वेसेल आठ वर्षं वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा मुख्य होता.

"नंदाताई, सगळं जमवलंय बघा," रविवारी सकाळी आल्बनीहून शैलेंद्रचा फोन आला. शैलेंद्र मराठी मंडळाचा अध्यक्ष. मूळ नागपूरचा, त्याच्या बोलण्याला ब्रेक नाही. "दोन व्हॅन घेऊन येतोय. बायका नऊवारीत. तुम्ही फक्त उभं राहायचं आणि म्हणायचं, हे असं लिहिलंय. बस. बाकी पॉलिटिक्स त्यांचं ते करतील."

"शैलेंद्र, मला बरं नाहीये."

"असं नका ना करू, यार. अख्ख्या अमेरिकेत ब्राँझच्या पुतळ्यावर मोडी अक्षर कुठे आहे? कोपऱ्यात का होईना, 'मायबाप' कोरलंय ना? आमच्या पोरानं, देवनं, कॉलेजचा निबंध त्याच्यावर लिहिला. अॅडमिशन झाली त्याची! तुमचे उपकार आहेत. आणि सत्कार विसरलात का? शाल-श्रीफळ दिलंय आम्ही तुम्हाला. श्रीफळ कॉस्टकोचं होतं, पण भावना बघा."

ती हसली. हसू आलं याचंच तिला वाईट वाटलं.

संध्याकाळी कॅरी गावाहून मोनाचा फोन. मोना तिची एकुलती एक, इथेच जन्मलेली, औषध कंपनीत वकील. आई मराठीत बोलणार, लेक इंग्रजीत उत्तर देणार, हा दोघींचा जुना करार.

"मोना, पत्राचा मायना म्हणजे काय माहितीये तुला?"

"व्हॉट्स अ मायना?"

"पत्राची सुरुवात. आपल्याकडे ती ठरलेली असते. वडिलांना तीर्थरूप, साहेबाला मेहेरबान. ज्याच्यावर फिर्याद करायचीये त्यालासुद्धा आधी मायबाप म्हणायचं, पोशिंदे म्हणायचं, तुमच्या छायेत आम्ही सुखी आहोत म्हणायचं. मग खाली खरं लिहायचं. मायना कुणी वाचत नाही गं. मायना नसला तर मात्र पत्र फेकून देतात."

"ओके. सो इट्स लाइक 'डिअर सर'."

"हो. डिअर सर."

मग मोना हसत म्हणाली, "देन व्हाय इज 'डिअर सर' ऑन अ स्टॅच्यू, आई?"

तेवढ्यात मोनाला दुसरा कॉल आला. "आय'ल कॉल यू बॅक, ओके? लव्ह यू." आणि स्क्रीनवर नंदाला स्वतःचाच चेहरा दिसत राहिला.

तेहतीस वर्षांपूर्वी तिनं हे असंच कुणाला तरी सांगायला हवं होतं.

तेव्हा ती छत्तीसची. नवरा अरुण कंप्यूटरच्या कारखान्यात, मोना शाळेत, आणि नंदा वाचनालयात पुस्तकं परत लावायच्या नोकरीवर. दहा वर्षांत गावातल्या कुणी तिला "हवा छान आहे" याच्या पलीकडे काही म्हटलेलं नव्हतं. एक दिवस इतिहास मंडळाचे चिटणीस आले. व्हान वेसेलच्या पेटीत एक कागद आहे, हिंदुस्थानातला असावा, कुणाला वाचता येत नाही. मागच्या बाजूला डचमध्ये एवढंच लिहिलंय, 'देशी लोकांचं आभारपत्र'. तुम्ही त्याच भागातल्या ना?

कागद मोडीत होता. भाऊ दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते; जुने दस्त वाचायला त्यांनी नंदाला दहाव्या वर्षीच शिकवलेलं. तिनं हातमोजे घातले, कागदावर वाकली, आणि मायना मोठ्यानं वाचला. तोंडातोंडी इंग्रजी केलं. चिटणीस भराभर लिहून घेत होते, त्यांचे डोळे ओले झाले. "आणि आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो की तो क्रूर होता!" तिला सांगायचं होतं, थांबा, हा नुसता मायना आहे. पण त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि दहा वर्षांत त्या गावात तिचा हात असा कुणी धरला नव्हता. उद्या सांगू, म्हणाली ती मनात. उद्या खालचा मजकूर वाचला की सगळं एकदमच सांगू.

दुसऱ्या दुपारी तिनं खालचा मजकूर वाचला.

'दुष्काळाचे साल. साहेबांचे दुभाषे रामशेणवी तुळसकर यांणी भात वाटितो म्हणोन बंदरीच्या बायकांस बोलाविले आणि वखारीत कोंडिले. गलबत भरले आहे. साहेबी कृपा करोन सोडावे.' खाली चौदा नावं. प्रत्येक नावापुढे कुणाची कोण, वय काय. शेवटी अर्ज करणाऱ्यांची निशाणी म्हणून नावेची चित्रं, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं.

तुळसकर हे नंदाचं माहेरचं आडनाव. 'आमचे पूर्वज वखारीत दुभाषे होते' हे तिच्या घरात सणासुदीला अभिमानानं सांगितलं जायचं.

तिसऱ्या दुपारी तिनं तो कागद पुन्हा वाचला. तो बदलला नव्हता. तेव्हा तिला आणखी एक गोष्ट उमगली. साहेबाला मोडी येत नव्हती. त्याला हा अर्ज वाचून दाखवला कुणी असेल? दुभाष्यानंच. आपल्याविरुद्धची फिर्याद हातात धरून रामशेणवीनं मायना तेवढा मोठ्यानं वाचला असेल, आणि साहेबानं खूश होऊन मागे लिहिलं असेल, आभारपत्र. म्हणजे तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या घरातल्या एकानं जे केलं, ते परवा त्याच घरातल्या दुसरीनं केलं होतं. अगदी तसंच. तिथपर्यंतच वाचून.

तोवर मायना वर्तमानपत्रात छापून आला होता.

"खालचं काय म्हणतं?" चिटणिसांनी विचारलं.

"ओल लागलीये," नंदा म्हणाली. "वाचता येत नाही."

त्या संध्याकाळी इतिहास मंडळाच्या पायऱ्यांवर तिला आणखी एकीनं विचारलं. अर्नेस्टीन शूनमेकर. शाळेत भूगोल शिकवायची, सुटीच्या दिवशी मंडळात नकाशांवरची धूळ झाडायला यायची. काळी, उंच, चालताना रस्ता आपला आहे असं चालणारी. तळघरातल्या त्या अकरांपैकी एकीच्या वंशातली. चर्चच्या जुन्या वहीत तिच्या त्या मूळ आजीची नोंद होती: 'मरिया, वेंगुर्ल्याची, साहेबांची, वय सुमारे नऊ, आज बाप्तिस्मा.' एवढीच ओळ. मरिया हे नाव त्यांनी दिलेलं. शूनमेकर घरात पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या मुलीच्या कानात सांगत आले होते, आपली पहिली आई लांबच्या समुद्रावरून आली, आणि तिला दुसरं नाव होतं.

"त्या कागदात आमच्या मरियाचं काही आहे का?" अर्नेस्टीननं विचारलं होतं. "तिचं आधीचं नाव? नावच फक्त. मला दुसरं काही नको."

चौदांमध्ये एकच पोर होती. बाकी सगळ्या बाया. एकीच्याच नावापुढे 'उमर वर्षे नऊ' लिहिलेलं होतं.

"नाही," नंदा म्हणाली.

त्या 'नाही'वर तेहतीस वर्षांची मैत्री उभी राहिली. दर गुरुवारी अर्नेस्टीन वाचनालयात यायची, मग दोघी ओढ्याकाठी बसून डबा खायच्या. अरुण गेला तेव्हा नंदाच्या घरी जेवणाचं पहिलं भांडं घेऊन ती आली. मोनाला गाडी चालवायला तिनं शिकवलं. नंदाला कितीदा वाटलं, आज सांगू. एकदा तिनं भाऊंना पत्र लिहून विचारलंही, कागदातलं सगळं सांगून टाकू का म्हणून. उत्तर आलं: 'चि. सौ. नंदा हिस अनेक आशीर्वाद. जुने कागद जुन्यांबरोबर जाऊ द्यावेत. घराण्याचे नाव आता तुझ्या हाती आहे.' त्या रविवारी तिनं कागदावरून उतरवून घेतलेली आपली नक्कल मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूवर जाळली. मूळ कागद पेटीत होता, तेव्हा हरवलं काहीच नव्हतं. पुढे एका वर्षी वादळात ओढा फुगला, मंडळाच्या तळघरात पाच फूट पाणी भरलं, आणि व्हान वेसेलची पेटी लगद्यासारखी बाहेर काढली. ओल लागलीये, असं ती म्हणाली होती. ओढ्यानं तिचं म्हणणं खरं केलं.

त्यानंतर जगात ती नावं एकाच जागी उरली. ती हरवू नयेत म्हणून नंदानं त्यांच्या ओव्या बांधल्या. गाडी चालवताना, भांडी घासताना म्हणायची.

पहिली माझी ओवी गं, गोदीबाईच्या नावाला
भात मागाया ती गेली, परतली ना गावाला

अशा चौदा. गाडीच्या काचा वर करून.

मंगळवारी नगर मंडळाची खोली भरून लोक दाराबाहेर उभे होते. शैलेंद्रची नऊवारी फौज पहिल्या रांगेत. खिडक्यांमधून लख्ख ऊन येत होतं. अर्नेस्टीन चाकाच्या खुर्चीत, नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर जांभळी पर्स. वसंतात डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की फुप्फुसात करण्यासारखं आता काही नाही. तिनं माइक खाली ओढून घेतला.

"हा पुतळा राहिला काय आणि गेला काय, मी तो बघायला नसणार," ती म्हणाली. श्वास घ्यायला थांबली. "पोरांनो, तुम्ही ज्याच्यावर भांडताय त्याचं नाव ओढ्याला आहे, शाळेला आहे, डोनटच्या दुकानाला आहे. मी चौऱ्याऐंशी वर्षं त्या नावाच्या रस्त्यावर राहिले. मला फक्त एक नाव पाहिजे होतं. एकच. ते कुणाकडे असेल तर बघा. नसेल तर राहू दे."

ती कुणाकडेच बघत नव्हती. नंदाला मात्र वाटलं, खोलीतल्या सगळ्या खुर्च्या आपल्याकडे वळल्या.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली. मनातल्या मनात तिनं ओव्या म्हणायला घेतल्या, आधाराला भिंत धरावी तशा. गोदी, चंद्री, साळू... मधेच अंधारात पायरी चुकावी तसं झालं. तिनं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तिथेच पाय पोकळीत.

"मिसेस परुळेकर," अध्यक्ष म्हणाले, "पाटीवरचं भाषांतर तुमचं?"

"हो."

"शब्द बरोबर आहेत?"

ओवी कुठली सुटतेय ते सापडत नव्हतं. "शब्द..." ती म्हणाली. "शब्द बरोबर आहेत. पण ते..."

पहिल्या रांगेत शैलेंद्रनं टाळ्या सुरू केल्या. मागून आठशेतले होते नव्हते तेवढे सगळे त्यात मिसळले. अध्यक्षांनी हातोडा आपटला, घड्याळाकडे बघितलं, पुढचं नाव घेतलं. नंदा आणखी थोडा वेळ उभी राहिली आणि मग बसली. कुणी तिला बसवलं नव्हतं. हे ती स्वतःला पुढे कितीही वेळा सांगणार होती: कुणी माझं तोंड दाबलं नव्हतं.

मतदानाआधी एक सभासद म्हणाला, "ज्यांच्यावर त्यानं राज्य केलं तेच त्याला मायबाप म्हणतात. मग आपण कोण?" चार विरुद्ध तीन. पुतळा राहिला.

बाहेर शैलेंद्रनं वाकून नमस्कार केला. "नंदाताई, जिंकलो! चला, ग्रुप फोटो." फोटोत ती आहे. तिच्या मागे व्हान वेसेलचा पुढे केलेला हात तिच्या डोक्यावर आल्यासारखा दिसतो, आशीर्वाद दिल्यासारखा.

गुरुवारी दुपारी ती तांदळाची पेज घेऊन अर्नेस्टीनकडे गेली. आता गुरुवार वाचनालयात नसे, या खोलीत असे; पलंग खिडकीशी ओढलेला, यंत्राची संथ घरघर. पेज दोन चमचे पोटात गेली. तिसऱ्याला अर्नेस्टीननं मान फिरवली.

"तुझी माणसं छान नटून आली होती," ती म्हणाली. "तो बडबड्या माणूस मला बर्फी देत होता. म्हटलं, मी मरतेय, साखर चालेल."

नंदाला हसता आलं नाही. वाटी तिच्या हातात तशीच राहिली.

"नंदा, एक विचारू?"

"विचारा ना, मिस अर्नेस्टीन."

"दोन ओळी होत्या त्या. पाटीवरच्या. दोन ओळींना तुला तीन दुपारी लागल्या."

नंदा वाटीतली पेज चमच्यानं ढवळू लागली.

"मी समोरच्या टेबलाशी होते. तिसऱ्या दुपारी तू हातमोजे काढलेस आणि बाथरूममध्ये गेलीस. अर्धा तास नळ चालू होता. मला वाटलं, एवढे हात कशाला धुते ही बाई? कागदाला तर हातही लागला नाही हिचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय ते माहीत नव्हतं. काहीतरी आहे, हे माहीत होतं."

"मग परत कधी विचारलं का नाही?"

"एकदा विचारलं होतं की. तू नाही म्हणालीस." अर्नेस्टीननं डोळे मिटले, श्वास गोळा केला. "आपल्या माणसाला दोनदा खोटं बोलायला लावावं, असं मला वाटेना. म्हटलं, सांगेल. या गुरुवारी नाही तर पुढच्या. बघता बघता किती गुरुवार झाले गं. आता माझ्याकडे फार नाहीयेत. मंगळवारी तू उभी राहिलीस तेव्हा वाटलं, आता. आणि मग तू बसलीस."

खिडकीबाहेर मेपलची पानं उन्हात स्थिर होती. नंदानं वाटी खाली ठेवली. हात मोकळे झाल्यावर ते कुठे ठेवायचे तिला कळेना.

"मी सगळा कागद वाचला होता," ती म्हणाली. "एक अक्षर पुसलेलं नव्हतं. ते आभाराचं पत्र नव्हतंच, फिर्याद होती. दुष्काळ होता. भात देतो म्हणून बायकांना बोलावलं आणि वखारीत कोंडलं, गलबतावर चढवलं. बोलावणारा साहेबाचा दुभाष्या होता. रामशेणवी तुळसकर. तुळसकर माझं माहेर आहे, मिस अर्नेस्टीन. माझ्याच घरातला माणूस. मी त्याच्यासाठी खोटं बोलले, असं म्हणायचे मी मनाशी. तसंही नाही. या गावात मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. ते मला सोडवेना."

अर्नेस्टीनचे डोळे मिटलेलेच. बोटं मात्र गोधडीवर हलली. "नावं होती?"

"चौदा."

"म्हण."

नंदानं म्हटली. ओवीत नाही, साधी, एकामागून एक. गोदी. चंद्री. साळू. आवडी. येसू. पारू. रखमी. काशी. भागी. तुकी. गंगू. कुणाची सून, कुणाची बहीण, तेही आठवलं तसं. परक्या जिभेला जमतील तशी ती नावं अर्नेस्टीन ओठांतल्या ओठांत परत म्हणत होती, आणि प्रत्येक नावाला एक बोट गोधडीवर टेकवत होती. मग बोट थांबलं.

"अकरा झाली."

"हो."

"चौदा म्हणालीस."

"तीन मी विसरले," नंदा म्हणाली. "मंगळवारी उभी होते तेव्हा कळलं मला, ती गेली आहेत. दोन दिवस शोधतेय. कागद वाहून गेला, नक्कल मी माझ्या हातानं जाळली. आता ती कुठेच नाहीत."

"असू दे." अर्नेस्टीननं चाचपडत तिचा हात धरला. कोरडा, हलका हात. "अकरा पुष्कळ आहेत. यातली एक असेल माझी. कुठली गं? तुला काय वाटतं?"

नंदानं तोंड उघडलं. हो म्हणता आलं असतं. पारू म्हणता आलं असतं, येसू म्हणता आलं असतं. कुणालाच कधी कळलं नसतं, आणि समोरची बाई एक नाव घेऊन सुखानं गेली असती. पुन्हा एकदा चांगलंसं, ऐकायला गोड, मोठ्यानं वाचून दाखवण्यासारखं.

"यातली नाही," ती म्हणाली. "या अकराही मोठ्या बाया होत्या. चौदांत पोर एकच होती, नऊ वर्षांची. तुम्ही पायऱ्यांवर विचारलंत तेव्हा तिचं नाव माझ्या जिभेवर होतं. तिची ओवी मी बांधली, पण ती म्हणायला लागले की तुमचा चेहरा समोर यायचा, म्हणून मी ती गाळायचे. इतकी वर्षं गाळत आले. तुमच्या मरियाचं नाव त्या तीनांत होतं, मिस अर्नेस्टीन. ते फक्त मला माहीत होतं, आणि मी ते हरवलं."